नारळ, समुद्र आणि आमचे साडू

...आणि वर लोक विचारतात, "बापूराव, समुद्र कसा होता?" कसा होता म्हणजे? ओला असेल! मी हात लावला असता तर सांगितलं असतं ना! अहो, झाशीहून दिल्लीला गेलो, दिल्लीहून विमानात बसलो, सिंगापूरला उतरलो, तिथून आपल्या अख्ख्या मानिक चौकाएवढ्या जहाजात शिरलो, चारी बाजूंनी पाणीच पाणी... आणि तुम्हाला सांगतो, पायाचा अंगठासुद्धा भिजला नाही! का? तर काळजी घेतलेली बरी!

हे वाक्य माझं नाही हं. हे आमच्या साडूंचं. दिवाकरराव. ते बघा, पहिल्या रांगेत बसलेत... कुठे गेले? हां, तिसऱ्या रांगेत गेले. पहिल्या रांगेवर पंखा आहे ना! गणपतीच्या मांडवातला पंखा, कुणी टांगला, कसा टांगला, पडला तर? काळजी घेतलेली बरी! हसू नका, मी भोगलंय. हे मूळचे साताऱ्याचे, फौजेत होते, इथे जवळच बबीन्याच्या छावणीत बदली झाली, आमच्या मेहुणीशी, सिंधूशी, लग्न झालं आणि इथलेच झाले. फौजेत काम काय? पाणी तपासायचं, मुदपाकखाना तपासायचा, डबक्यातले डास बघायचे. रिटायर होऊन जमाना झाला, पण माणूस अजून डास बघतोय! आमच्याकडे जेवायला आले की आधी तांब्या उजेडाला धरून बघतात. सुरुवातीला मला वाटायचं, माझं भांड्यांचं दुकान, माल पारखतायत बिचारे. छे हो! तळाशी गाळ आहे का ते बघायचे.

तर हे सगळं झालं नारळापायी. आता तुम्ही आम्ही सगळे इथे कसे आलो? पूर्वज कोकणातून पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं! समुद्र मागे राहिला, नारळी पौर्णिमा तेवढी बरोबर आली. माझी आई दर वर्षी ओरछ्याला जाऊन बेतवेत नारळ सोडायची. म्हणायची, "बेतवा यमुनेला मिळते, यमुना गंगेला, गंगा समुद्राला. पोचेल कधी ना कधी." मी म्हणायचो, "आई, मध्ये पारीछ्याचा बांध आहे, तिथे अडकला तर?" "पावसाळ्यात दारं उघडतात. तू गप्प बस." झालं! आई समुद्र न बघताच गेली हो. आणि जाताना सुनेचा हात धरून म्हणाली, "रुक्मिणी, तुझं कधी जाणं झालं तर माझ्या नावानं एक नारळ दे. पाण्यात उभी राहून, आपल्या हातानं दे." पोटचा मुलगा शेजारी उभा, पण सांगितलं कुणाला? सुनेला! आईनं मला बरोबर ओळखलं होतं.

तेव्हापासून आमच्या हिच्या मनात ते घर करून बसलं. मग यंदा लेकीनं, स्वरालीनं, क्रूझची तिकिटं काढली. झालं! ही दुसऱ्याच दिवशी मानिक चौकातून नारळ घेऊन आली. चांगला शेंडीचा, वाजवून घेतलेला. म्हटलं, "अगं, आपण जिथे जातोय तिथे नारळाचीच झाडं आहेत! हा नारळ समुद्राकाठूनच ट्रकात बसून झाशीला आला, आणि तू त्याला विमानात बसवून परत नेतेस?" तर म्हणाली, "घरचा नारळ तो घरचा." बरोबर माझ्याच दुकानातली तांब्याची लोटी घेतली, अर्घ्य द्यायला. आणि हे दिवाकररावांच्या कानावर गेलं. "बापूराव! परदेश, त्यात गरम मुलूख, त्यात बंदर! बायकामाणसांना घेऊन एकटे जाताय? डेंगू हाय, हगवण हाय, खिसेकापू हायत, कुत्री हायत! न्हाई न्हाई, आम्ही येतो. काळजी घेतलेली बरी!"

आले! काय घेऊन आले विचारा. औषधांची पेटी. डासांचं मलम. मिलिटरीचे लोकरी मोजे. रबरी हातमोजे. कानटोपी! म्हटलं, "दिवाकरराव, तिथे बारा महिने उकाडा आहे." "कानात वारं शिरतं, बापूराव." आणि वर काय, तर ओरछ्याच्या राफ्टिंगवाल्या भैयाकडून मागून आणलेलं नारिंगी जॅकेट. आम्हाला नाही, स्वतःला एकच! "सगळ्यांना वाचवायचं तर आधी वाचवणारा वाचला पायजे." मी आपलं खिडकीबाहेर बघितलं.

जहाजावर मी हिला म्हटलं, "अगं, खाली समुद्रच आहे, टाक इथूनच." तर एक तर जहाजावरून काडीसुद्धा टाकायची नाही, मोठ्ठी पाटी लावलेली. आणि दुसरं म्हणजे ही. "पाण्यात उभी राहून म्हणाल्यात सासूबाई. सातव्या मजल्यावरून नारळ फेकायला मी काय वानर आहे?" बरोबर आहे. मग सगळी भिस्त त्या बंदरावर. कुठलंसं बेट, नाव मला अजून धड घेता येत नाही. सकाळी उतरायचं, तिसऱ्या प्रहरी परत, उशीर झाला तर जहाज कुणासाठी थांबत नाही.

सकाळी सगळं जग उतरलं. गोरे उतरले, चिनी उतरले, व्हीलचेअरवरची एक म्हातारी टाळ्या वाजवत उतरली... आणि आम्ही? आम्ही केबिनमध्ये उभे! दिवाकरराव मलम लावतायत. आधी उन्हाचं, मग त्याच्यावर डासांचं. मला लावलं, मानेला लावलं, कानामागे लावलं. "मंगळसूत्र आत घाला, ताई. बांगड्या काढा. बाहेरचं पाणी विष समजायचं. बर्फ म्हणजे तर जहर! कापलेलं फळ न्हाई, तळलेलं न्हाई, कुत्र्याकडं बघायचं न्हाई." सिंधू बिचारी हळूच म्हणाली, "अहो, श्वास घेतला तर चालेल का?" तर खिशातून मास्क काढून दिला!

खाली उतरलो तर दारातच तिथले तपासणीचे साहेब. हिची पिशवी उघडली. नारळ निघाला. "नो, नो. नो प्लांट, नो फ्रूट." ही म्हणते, "भैया, ये फ्रूट नहीं है, ये पूजा का है! घर का है, झाँसी से आया है!" तो हसतोय, मान हलवतोय. म्हणे बाहेरची कीड आमच्या झाडांना लागेल. आमच्या नारळाची कीड, त्याच्या झाडांना! आणि आमचे साडू काय म्हणाले असतील? हिची बाजू घेतली असेल? अहो, त्या साहेबाचा हात हातात घेतला! "व्हेरी गुड! व्हेरी करेक्ट!" मला म्हणतात, "बघा, ह्याला म्हणतात व्यवस्था. काळजी घेतलेली बरी!" आणि झाशीचा नारळ पिवळ्या डब्यात गेला. हिच्या डोळ्यांत पाणी आलं हो. माझ्याही आलं असतं, पण तेवढ्यात ते मलम डोळ्यात गेलं होतं.

मग टॅक्सी. पहिलीचे टायर झिजलेले. दुसरीला मागे पट्टे नाहीत. तिसरीचा ड्रायव्हर जांभई देत होता, "रात्री झोपला न्हाई वाटतं, नको." चौथ्यात बसलो, तर आधी दाराच्या मुठी धुतल्या. कशानं? जहाजावरून आणलेल्या प्यायच्या पाण्यानं! सीट पुसली, आमचे हात धुतले, ड्रायव्हरचे हात धुतले! तो बिचारा नमस्कार करायला लागला, त्याला वाटलं आमच्यात पाहुण्याचं असंच करतात. त्यात एक बाटली संपली. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोचलो एकदाचे किनाऱ्यावर. काय सांगू... समोर समुद्र. निळा, हिरवा, लहान मुलं लाटांत नाचतायत. ही नुसती बघत उभी राहिली. मग झाडाखाली एक नारळवाला दिसला तशी निघाली. त्यानं हिरवं शहाळं पुढे केलं. "नहीं भैया, हरा वाला नहीं! सूखा वाला! चोटी वाला!" त्याला काय कळणार? मग हिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, शेंडी धरून दाखवली... म्हणजे जिथे केस उरलेत तिथे! त्याला कळलं. आतून एक जुना नारळ काढला, सोलला, छान शेंडी ठेवली. हिनं कानाशी धरून हलवला, खळखळ वाजला, तेव्हा कुठे चेहरा उजळला. म्हणाली, "चला." तर दिवाकरराव आडवे! "थांबा, ताई!" आणि उरलेली बाटली नारळावर ओतली. धुऊन घेतला. समुद्रात टाकायचा नारळ! म्हटलं, "अहो, समुद्राला काय हगवण लागणार आहे?" पण ऐकतात कुठे.

पाणी समोर. इथून त्या मूर्तीइतकं लांब असेल. हिनं चपला काढल्या, पदर खोचला, एका हातात नारळ, एका हातात लोटी. आणि दिवाकरराव पुढे जाऊन दोन्ही हात पसरून उभे. अंगात लांब बाह्या, वर नारिंगी जॅकेट, हातमोजे, लोकरी मोजे, कानटोपी! "ताई, आधी मी तळ बघतो. काचा असतील, जेलीफिश असतील, काळजी... काळजी घेत..." आणि पुढचं वाक्य आलंच नाही. डोळे फिरले. पाय लटपटले. माणूस वाळूत बसला आणि आडवा झाला.

ऊन लागलं हो! सकाळपासून उन्हात, गादीसारखे कपडे, आणि पाण्याचा थेंब पोटात नाही. जवळचं पाणी मुठी धुण्यात गेलं, बाहेरचं विष! सिंधूनं किंकाळी फोडली. मी जॅकेटचे बंद सोडवतोय, ते सुटेनात. आणि रुक्मिणी... तुम्हाला सांगतो, तिनं एकदा समुद्राकडे बघितलं. एकदाच. मग वळली, दगडावर नारळ हाणला, एका घावात दोन भकलं, पाणी लोटीत धरलं, आणि वाळूत बसून दिवाकररावांचं डोकं मांडीवर घेतलं. "प्या, भाऊ. घोट घोट प्या." नारळवाल्यानं बर्फ आणला, तो जहरी बर्फ कानटोपीत भरून त्यांच्या मानेला लावला. दोन घोट गेले, तीन गेले. डोळे उघडले. ओठ हलले. आम्ही सगळे वाकलो, काय म्हणतायत, काय म्हणतायत...

"हे... उकळून घेतलंय ना?"

मला हसावं की रडावं कळेना. सिंधू रडता रडता हसायला लागली. मग काय, अँब्युलन्स, व्हीलचेअर, डॉक्टर, एक नळी, आणि धावत पळत जहाज. साडूबुवा टुणटुणीत! आणि ही त्या म्हातारीशेजारी कठड्याला टेकून उभी, ते बेट लहान लहान होईपर्यंत. मी म्हटलं, "रुक्मिणी, राहिलं ना गं." म्हणाली, "नारळ काय, परत मिळेल. सिंधूचं कुंकू दुकानात मिळत नाही." आई हेच म्हणाली असती.

तर परवाची नारळी पौर्णिमा. सकाळी दारात दिवाकरराव उभे, मान खाली, हातात नारळ. "ताई, हा माझ्याकडून." हिनं नारळ हातात घेतला, तर लालभडक! म्हटलं, "हे काय?" "जंतू मारायच्या लाल औषधाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवलावता, बापूराव." बरं! गेलो ओरछ्याला. बेतवा फुगलेली. हिच्या कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक झाडाला, मधला दोर दिवाकररावांच्या हातात, आणि अंगात तेच नारिंगी जॅकेट. ही गुडघाभर पाण्यात उतरली, आईचं नाव घेतलं, नारळ सोडला. लाल शेंडी हलवत निघाला तो. आणि मागून आरोळी, "ताई, जरा डावीकडनं सोडायला पायजे होता! पुढं खडक हायत! मग बांध हाय! काळजी घेतलेली बरी!"

ही वळलीच नाही. पाण्याकडे बघत त्या नारळाला हळूच म्हणाली, "जा बाबा. तू पोचशील. तुझी काळजी घ्यायला बरोबर कुणी नाही."