शासनसेवेत निवड झाल्याबद्दल

...आन् वरतून सर म्हंते कसे, "कुलदीप, कूलरात पानी टाक! सेवा आंगात मुरली पायजे!" कोनाच्या आंगात? कूलरच्या? तुमाले सांगतो, अकोल्याचं ऊन, कुत्रं सावली सोडत नाही, आन् मी, तेल्हाऱ्याच्या खुशालरावचा पोट्टा, बारावी दोन डाव नापास, नत्थुजी सरच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासात सकाळी पाचले येऊन सरचं आंगन झाडतो, सरच्या घरचे गहू दळून आनतो, मंग बसतो पाठ करत, कोनत्या सालात कोन व्हाइसरॉय होता! मेला नं थो? मंग मले कावून तरास? अशी जनसेवा शिकून राहिलो, बाप्पा!

सुटाव तं कसं? बाप फोनवर येकच बोलते, "निवड झाल्याबिगर तोंड दाखवू नोको!" निवड... आन् डोस्क्यात लाईट लागला! आपल्याइकडं निवड झाली हे समजते कायच्यावरून? निकाल कोन पाह्यते हो? स्टँडवर फ्लेक्स लागला का झाली निवड! पियुषचं फ्लेक्सचं दुकान, थो आपला जिगरी. माहा फोटो घेतला, कोट त्यानं कम्प्युटरवरच घालून देल्ला, आन् खाली, 'शासनसेवेत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' कोनत्या पदावर? मले येक पद धड ठाऊक नाही, म्हतलं राहू दे. लावला तेल्हाऱ्याच्या स्टँडवर! म्हतलं, सुटला क्लास, आता धा वाजेलोक झोपीन!

कायचा झोपतो! माय फोनवर रडून राहिली, बाप पेढे वाटून राहिला, दुसऱ्या दिवशी मले जीपवर उभं करून बँडबाजा! येक बुढा जीपच्या मांगच्या टायरले लटकल्यावानी मांगं मांगं, "सायब, माह्या सातबाऱ्यावर भावाचं नाव कसं लागलं?" मले काय मालूम! थो पंजाबराव काका, जलमभर मले 'गधड्या' म्हननारा, थो खुर्ची पुसून म्हंते, "बसा नं, सायब!" बारावी नापास पोट्टा सायब कसा झाला, येकानं... येकानं तरी इचाराव का नाही? अशी जनसेवा, बाप्पा!

तेवढ्यात गर्दीतून कोन? नत्थुजी सर! म्हतलं, मेलो. आता सर सबन सांगतीन, बाप भरचौकात चप्पल काढीन. सरनं फ्लेक्स वाचला. मले पाह्यलं. पुन्हा फ्लेक्स वाचला. मंग माह्या गळ्यात हार घातला आन् माईक घेऊन वरडले, "हा माहाच इद्यार्थी!"

झालं! सोमवारी क्लासात नवीन साठ पोट्टे, समोर खुर्ची, खुर्चीत मी! 'यशस्वी उमेदवाराचं मार्गदर्शन' म्हने! नाही म्हनाव तं बापाले खरं समजते, हो म्हनाव तं जलम ह्याच क्लासात! म्या सरच्या कानात म्हतलं, "सर, मी तं नापास हावो, तुमाले ठाऊक हाये. मी काय शिकवू?"

सरनं मांगच्या भितीकडं बोट केलं. तठी येक जुना फ्लेक्स, रोज पाह्यला पन कदी वाचला नाही, उन्हानं पांढरा पडेल, कोपरे फाटेल. फोटोत कोटातले तरनेताठे नत्थुजी. खाली, 'शासनसेवेत निवड झाल्याबद्दल...'

पद लिवेल नाही.

आता काय करता, सांगा! पाह्यलं मंग साठ पोट्ट्याइकडं, खाकरलो, आन् म्हतलं, "ए, शेवटच्या बाकावरच्या! ऊठ बे, कूलरात पानी टाक. सेवा आंगात मुरली पायजे!"