एकशेवीसपैकी बावीस

...अहो, पेनाएवढी काडी! तुम्हाला सांगतो, हातावर टेकवायची, टक् वाजलं की कातडीच्या अगदी वरच्या थरात पाणी किती, त्याचा आकडा समोर! शून्य ते एकशेवीस! कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या माझ्या हातात क्रीमच्या कंपनीतल्या मॅडमनी हे मशीन दिलं! म्हणाल्या, "आज बारा जणांचे कोरडे हात मोजलेस, तर मशीन कायमचं तुझं. नाहीतर परत बाटल्यांना लेबलं चिकटव." नियम साधा. हात धुवायचे नाहीत, काही लावायचं नाही, बाह्या वर करून वीस मिनिटं गप्प बसायचं!

अकरा झाले. बारावी बाई आलीच नाही! मग मला दुर्बुद्धी सुचली... बाबांना बोलावलं. रिटायर्ड हेडमास्तर, हात असा की आगकाडी ओढली तर पेटेल! पण गप्प? हा माणूस? "डिग्री नाही, काही नाही, लोकांची कातडी मोजतोय!" बाबा, गप्प बसायचं! "पंखा का नाही रे?" गप्प बसायचं!

उजवा हात. टक्. बावीस! मी उडालोच, इतकं सुंदर कोरडं अकरांत कुणी नव्हतं! आणि बाबांचं तोंड एवढंसं.

"बावीस? कितीपैकी?"

"एकशेवीस."

"म्हणजे नापास?"

"बाबा, इथे पास-नापास नसतं."

"कॉलेज सोडताना हेच म्हणाला होतास!"

डावा हात बाकी. "आलोच," म्हणून बाथरूमला गेले, आले, बसले. टक्. एकशेआठ! "बघ! माणसानं मनावर घेतलं की होतं!" बघतो तर काय, हात चकचकीत! बेसिनवरची क्रीमची बाटली अर्धी रिकामी! छत्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या हो या माणसानं, चड्डीच्या खिशातून चिठ्ठ्या काढल्या, आणि स्वतः...!

मॅडम आल्या. हात बघितला. "हे बाद. मशीन इकडे दे. बारावा तू, बस खुर्चीत. उद्यापासून लेबलं."

बसलो. बाह्या वर. वीस मिनिटं. समोर बाबा, पर्यवेक्षकासारखे हात मागे बांधून फेऱ्या मारतायत!

टक्.

बावीस.

बाबा वाकले, आकडा बघितला, मग माझ्याकडे असं बघितलं... "काय रे, माझी कॉपी केलीस?"

आता सांगा, काय बोलणार? गप्प बसायचं!