भाडं की भाडे

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे उपाध्यक्ष आणि आमचे वकीलसाहेब, आणि एरवी टोपणनावांनी भांडणारे, पण आज चेहऱ्यांसकट समोर बसलेले घरमालक-भाडेकरू मंचाचे सर्व सभासद,

निरोपाच्या पुष्पगुच्छाबद्दल आभार. आधीच्या सगळ्या वक्त्यांनी माझ्या संयमाचं कौतुक केलं. तो संयम नव्हता हो, नाइलाज होता. ऑनलाइन मंचाची मॉडरेटर म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणारी बाई. माझे यजमान तर म्हणायचे, मंचावरच राहतेस, भाडं तेवढं देत जा.

हा शब्द उच्चारला आणि उपाध्यक्ष हसले. का हसले, ते नव्या सभासदांना सांगते. मंचावर शिवीगाळ फार वाढली, तेव्हा समितीने ठरवलं की शिव्या यंत्रानेच अडवायच्या. संगणकवाल्या दादांनी एका शिवीची पहिली दोन अक्षरं यंत्रात भरली. शिवी कोणती, ते इथून सांगता येत नाही. ज्यांनी वापरली ते समोरच बसलेत. झालं, दुसऱ्या दिवसापासून घरमालक-भाडेकरू मंचावर 'भाडं' बंद, 'भाडेकरू'ही बंद. लोक 'भाजी' लिहायला लागले. मालक पुढच्या महिन्यापासून भाजी वाढवणार, असं एकाने कळवलं, तर एका काकूंनी ताटात की पातेल्यात, असं विचारलं.

इथवर हसा. पुढे हसू नका.

दवाखान्यात नर्स असलेली, दोन लहान लेकरांची आई मंचावर नवीनच आली. तिला ही भाजी कुठून माहीत असणार? तिने सरळ लिहिलं, "भाडं वेळेवर देते, तरी मालक रविवारपर्यंत घर सोडा म्हणतात. सोडावंच लागेल का?" यंत्राने पोस्ट अडवली. मला दिसताच मी ती हाताने सोडवून मंचावर लावली. बऱ्याच दिवसांनी तो शब्द उघड दिसला, तसं दादांनी त्याखालीच विचारलं, यंत्राला कोणता शब्द चालवून घ्यायला सांगू, 'भाडं' की 'भाडे'?

आणि सुरू झालात तुम्ही. कोणाला अनुस्वार हवा, कोणाला मात्रा. कोणी कोणाच्या शाळेचा उद्धार केला. मी मध्येच लिहिलं, अहो, तिला कोणीतरी उत्तर द्या. तर माझा स्वल्पविराम चुकल्याचं मला कळवण्यात आलं. वकीलसाहेबांना फोन केला. म्हणाले, लिहितो. लिहिलंही, अगदी भरभरून. मात्रेच्या बाजूने.

साहेब, राग मानू नका, पण तिचं उत्तर एका ओळीचं होतं. लेखी नोटीस मागा, तोवर घर सोडू नका. हे तुम्हीच मला नंतर चहा पिताना सहज सांगितलंत. तोवर रविवार उलटून गेला होता आणि तिने घर सोडलं होतं.

मी तिला भेटायला गेले. भावाच्या एका खोलीत, वहिनीची मर्जी सांभाळत राहते आहे. ती माझ्यावर चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "ताई, तिथे एवढी माणसं बोलत होती. मला वाटलं, आता कोणीतरी माझ्याशी बोलेल."

मला तुमचा सगळ्यांचा राग आला होता. अजून आहे. म्हणून आज सकाळी मॉडरेटर या नात्याने शेवटचं काम केलं. मंचावरच्या सगळ्या चर्चा बंद केल्या. एकच उघडी आहे. तिला आणि लेकरांना दवाखान्याजवळ दोन खोल्या हव्या आहेत. उपाध्यक्ष, तुमचा वरचा मजला रिकामा पडलाय आणि चांगले भाडेकरू मिळत नाहीत, ही तक्रार तुमचीच ना? तिच्या प्रश्नाचा निकाल लागला की पासवर्ड पुढच्या मॉडरेटरच्या हातात देईन. त्याआधी नाही.

समितीचे आणि आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपले आभार. बोलताना तोल गेला असेल, कमी-जास्त बोलले असेन, तर पोटात घाला. मात्र मला क्षमा सावकाश केलीत तरी चालेल. आधी तिला उत्तर द्या.