जावईबापूंचा ड्रोन आणि माझी टाळू

…आणि वर जावईबापू मलाच विचारतात, "बाबा, तुम्ही गच्चीवर जाता कशाला?" अहो, माझी गच्ची! एकतीस वर्षं सुरतच्या पांडेसरातल्या मिलमध्ये साड्या रंगवून डिंडोलीत हे घर बांधलं मी, आणि आज हा हिलाल स्वतःच्या गच्चीवर हेल्मेट घालून तुळशीला पाणी घालतो! शेजारचा रोज विचारतो, "हिलालकाका, गाडी क्यां छे?" गाडी कुठे, म्हणे!

तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या ड्रोनमुळे! आमच्या गच्चीला लागून निलगिरी, निलगिरीवर घारीचं घरटं. घरट्यात काय असावं? काड्या, उत्तरायणच्या पतंगांचा मांजा आणि जॉर्जेटच्या गुलाबी चिंध्या! तो गुलाबी मी झोपेतसुद्धा ओळखेन, आमच्याच मिलचा. म्हणजे घर तिचं, रंगकाम माझं. यंदा दोन पिल्लं, कापसासारखी. मी तिला बघायचो, ती मला बघायची, कुणाचं कुणाला काही नाही. चाललं होतं की नाही छान?

तर होळीला जावईबापू आले. वैभवराव. आमच्या हर्षदाचे यजमान. हातात ड्रोनची पेटी. "बाबा, घरट्याचा टॉप शॉट घेतो, बघा कसा व्हायरल होतो!" मी तोंड उघडलं मात्र, आमच्या मंडळींनी, उषाबाईंनी, असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी, आणि वर कानात, "गप बसा! जवाईले कोनी बोलस का?"

झालं! जावईबापू जिन्याच्या सावलीत रिमोट घेऊन, आणि उन्हात गच्चीच्या मधोमध कोण? मी! बिबड्या, आमचे खानदेशी ज्वारीचे पापड, वाळत घातलेल्या, त्या राखत. ड्रोन गेला भुर्रर्र करत घरट्यावर, घार उठली, तिने मारली झडप, ड्रोन गरगरत खाली… नेमका बिबड्यांवर! चार पायल्या ज्वारीच्या बिबड्यांचा भुगा! मला वाटलं, आता तरी उषाबाई बोलतील. माझ्या हातून एक मोडली असती तर माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या त्यांनी! पण नाही. "असू द्या जवाईबापू, नाहीतरी मोडूनच तळतो आम्ही." कधी तळल्या मोडून? कधी?

आणि घारीने काय पाहिलं? तो भुणभुण्या माझ्या पायाशी पडला, म्हणजे माझाच! त्या दिवसापासून मी वर गेलो की टाळूवर फटॅक! पण माझं सोडा हो. त्या दिवशी ती दुपारभर घरट्यावर बसली नाही. मार्चमधलं सुरतचं ऊन, पिल्लं चोची वासून पडलेली… मला जेवण गेलं नाही. पुन्हा एकदा ड्रोन वर गेला, तर ती घरटं टाकून जाईल आणि दोन्ही जीव भाजून मरतील, हे मला दिसत होतं!

तर गेल्या शनिवारी जावईबापूंचा फोन. "बाबा, पातं बदललं, उद्या येतोय!" मी ठरवलं, या वेळी बोलायचं. रात्रभर वाक्य घोकलं, "वैभवराव, हे चालणार नाही." आले, हर्षदाला घेऊन. मी उठलो, छाती काढली, म्हटलं, "वैभवराव… प्रवासात त्रास नाही ना झाला?" इथल्याइथे, लिंबायतहून आले होते हो! रिक्षाने! कसला प्रवास?

मग मनात म्हटलं, तोंडाने जमत नाही, डोक्याने करू. घार मला ओळखते ना? जावयासमोर तिचा मार खायचा, जावई घाबरतील, ड्रोन पेटीत जाईल. गच्चीवर गेलो, हेल्मेट काढलं, म्हटलं, "ये गं बाई, तुझ्या लेकरांसाठी उभा आहे." जावईबापू शेजारीच, ड्रोन हातात. ती आली सूंऽऽ करत, जावयाच्या डोक्यावरून, ड्रोनवरून, सगळ्यांवरून, आणि बरोब्बर माझ्या टाळूवर! तिलाही कुणी कानात सांगितलं होतं का हो, "जवाईले कोनी बोलस का?"

रक्ताची धार नाकापर्यंत! पण शप्पथ सांगतो, मला आनंद झाला, कारण मागे धप्प आवाज आला. रक्त बघून जावईबापूंना चक्कर! ड्रोन पेटीत, पेटी हर्षदाच्या काखेत. "पुन्हा नाव काढायचं नाही," म्हणाली. पोरगी माझी! आणि घार? दहा मिनिटांत घरट्यावर, पंख पसरून पिल्लांवर सावली धरून बसलेली. जिंकलो की नाही मी?

जिंकलो! पण खाली येऊन बघतो तर जावईबापू गादीवर, उषाबाई वारा घालतायत, हर्षदा तळपाय चोळतेय, शेजारीण कांदा हुंगवतेय. मी दारात उभा, टाळूवर हात, शर्ट लाल. उषाबाईंनी वर पाहिलं. म्हटलं, आता तरी… "बघत काय उभे? लिंबू-सरबत करा जवाईबापूंसाठी!"

केलं. डोक्याला टॉवेल गुंडाळून केलं. जावईबापूंनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाबा, साखर जरा जास्त झाली."

आणि मी, रात्रभर वाक्य घोकणारा मी, काय म्हणालो असेन?

"द्या इकडे जावईबापू, दुसरं करून आणतो."