बाराव्या रविवारचा अभिप्राय

फरहीन : न्हाय लिहिणार. खडू तुझ्याकडंच ठेव.

शिवप्रसाद : फरहीन, चार वाजून गेल्यात. पाचला लोक फळा वाचायला येत्यात. मी सांगायचं आणि तू लिहायचं, एप्रिलपासनं असंच चाललंय. आजच काय झालं तुला?

फरहीन : आज डोकं फिरलंय माझं. व्हिडिओ गेमचं पार्लर माझं, गेम माझे, आणि दारातल्या फळ्यावर त्या गेमांची बदनामी लिहायची ती बी मीच. हा बारावा रविवार हाय. कुठला दुकानदार करतो असं, सांग मला एक.

शिवप्रसाद : तुझ्या अब्बांनी केलंय की. फळा त्यांनीच लावला. शमशुद्दीनचाचा मला काय म्हणायचे, ऐकलंयस तू. 'शिवा, गेम वाईट असला तर वाईटच सांग. लोकांचा भरवसा बसला पायजे.' बसला का न्हाय? मंगळवार पेठ सोड, कागलवरनं माणसं येत्यात माझा फळा वाचून.

फरहीन : येत होती. आणि 'माझा फळा' म्हणं.

शिवप्रसाद : लिही. 'रविवार, ७ जुलै २००२. पुलाचा गेम. पुलावर पहारा म्हणून एकच शिपाई, तो बी पेंगतोय. गोळ्या इतक्या देत्यात की टाकायला जागा न्हाय. सकाळी बसलो, जेवायच्या आत किल्ला घेतला. बालवाडीत द्यावा.' खाली माझं नाव.

फरहीन : मागच्या रविवारी भुताच्या गेमला काय म्हणलास?

शिवप्रसाद : 'भुतं पेन्शन आणायला निघाल्यासारखी चालतात.' मग, चालत्यात की तशीच.

फरहीन : गाडीच्या गेमला?

शिवप्रसाद : 'वळणावर गाडी आपली आपण वळते, मग आमच्या हातात रिमोट कशाला दिलाय?' ह्यात खोटं काय हाय?

फरहीन : आणि कुस्तीच्या. कोल्हापुरात कुस्तीचा गेम आणला मी, शिवा. लोक तुटून पडतील वाटलं. तू लिहायला लावलंस, 'समोरचा पैलवान झोप आल्यासारखी पाठ टेकवतो.' दुसऱ्या दिवसापासनं त्या सीडीला कुणी हात लावला न्हाय.

शिवप्रसाद : टेकवतो तर काय लिहू? मारुतीच्या देवळात दंड घालतो म्हणून लिहू? अकरा गेम झाले. एकात तरी माझी चूक दाखव, आत्ता फळा पुसतो.

फरहीन : तुला आता चांगलं काही दिसतच न्हाय. आधी असा नव्हतास. आधी दहातले सात गेम तुला आवडायचे. एखाद्या टप्प्याला अडकलास की आठ-आठ दिवस त्याच्यावरच बोलायचास.

शिवप्रसाद : आधी गेम चांगले यायचे. इंग्लिश सीड्या यायच्या. आता हा जपानी माल कुठनं उचलून आणतीस कुणास ठाऊक. मेनूतली एक ओळ वाचता येत न्हाय. तू लावून देणार, मी खेळणार, आणि दोन तासात खेळ खलास. रद्दी हाय सगळी.

फरहीन : बोल. अजून बोल.

शिवप्रसाद : लिहायला माझा हात चालला असता तर तुझी मिनतवारी केली नसती.

फरहीन : हात मधी आणू नको.

शिवप्रसाद : मी आणतोय? अंगठा आणि करंगळीत खडू धरून बघ एकदा. डिसेंबरात कारखान्यातल्या प्रेस मशीनमधी तीन बोटं गेली माझी. डोळे न्हाय गेले, डोकं न्हाय गेलं. ह्या उरलेल्या दोन बोटांनी मी अकरा गेम झोपवलेत, आज बारावा. आता तूच सांग, गेममधी दम न्हाय का माझ्यात न्हाय?

फरहीन : एवढा दम हाय तर एक रविवार गप बस की.

शिवप्रसाद : न्हाय बसणार. आठ वर्षं कारखान्यात तपासणीला होतो मी. माझ्या सहीशिवाय गाडी गेटाबाहेर जात नव्हती. आता मलाच गेटवर बसवलंय, स्टुलावर. मी चांगलं म्हणलेलं चांगलं आणि वाईट म्हणलेलं वाईट, असं आता कुठं मानत्यात? एवढ्या तीन बाय चारच्या फळ्यावर. तो तुला पुसू देणार न्हाय.

कृष्णात : आपा, एखादी मशीन मोकळी हाय का? रिक्षा झाडाखाली लावलीया, तासभर भाडं न्हाय.

फरहीन : मशीन बंद हायत, कृष्णात. उद्या ये.

कृष्णात : बंद? दोन नंबरची तर चालू दिसतीया. अण्णा बी बसल्यात. नमस्कार अण्णा.

शिवप्रसाद : बस रे. कुठला गेम पायजे?

कृष्णात : पुलाचाच. गुरवारपासनं लागलोय मागं. पूल काय ओलांडत न्हाय.

शिवप्रसाद : ऐकलंस फरहीन? रिक्षावाला हाय हा, दिवसभर ट्रकांच्या मधनं गाडी काढतो, आणि पेंगणाऱ्या एका शिपायाला भितो.

कृष्णात : एक कुठला अण्णा? सात हायत. आणि कुत्री दोन.

शिवप्रसाद : कुठली कुत्री?

फरहीन : कृष्णात, ऐक. गाडीचा गेम खेळ आज, तो लावून देते.

शिवप्रसाद : न्हाय. पुलाचाच लाव. मला कुत्री बघायच्यात.

फरहीन : मग सरक, मी लावते.

कृष्णात : राहू द्या आपा, आता सवय झालीया. सीडी घातली, बटण दाबलं की झालं. हां, आला बघा पूल. हे डावीकडं तीन शिपाई. वर बुरुजावर दोन. आता मी खांबामागं जातो, तवर हे पाठीमागनं दोघं. आणि ते बघा कुत्रं सुटलं. गोळ्या संपल्या अण्णा, सहाच देत्यात. मेलो.

शिवप्रसाद : ही सीडी येगळी हाय.

कृष्णात : एकच तर हाय पार्लरात. रविवारी तुमचं सकाळी झालं की मग आम्ही, असं आपांनीच सांगितलंतं.

शिवप्रसाद : गाडीचा गेम खेळलायस?

कृष्णात : खेळलो की. आता काय सांगू अण्णा, पावणं घेऊन पन्हाळ्याचा घाट महिन्यात चारदा चढवतो मी. पण त्या गेममधी पयल्याच वळणाला दरीत. तुमचा फळा वाचला, 'गाडी आपली आपण वळते', आणि घरात बायडाबाईला म्हणलं, माझा हात बिघडला बहुतेक. ती म्हणाली, रिक्षा जरा जपून चालवा मग.

शिवप्रसाद : आणि भुतं?

कृष्णात : पळत येत्यात.

शिवप्रसाद : फरहीन. मी सकाळी म्हणलो, सगळ्यात अवघडवर लाव. तू म्हणालीस, लावला.

फरहीन : कृष्णात, तू जा बाबा.

शिवप्रसाद : बसू दे त्याला. त्याच्यासमोरच सांग. कशावर लावलातास?

फरहीन : सोप्यावर. मेनूत तिसरी ओळ, डावीकडचं पयलं. सगळ्यात सोपं. मशीन बंद केली की ते परत मधल्यावर येतं, म्हणून बाकीच्यांना कळत न्हाय.

शिवप्रसाद : मागच्या रविवारी?

फरहीन : तवा बी सोप्यावरच.

शिवप्रसाद : अकराच्या अकरा?

फरहीन : व्हय. इंग्लिश सीड्या मागवायच्या मीच बंद केल्या. तुला मेनू वाचता आला असता.

शिवप्रसाद : म्हणजे सगळ्या पेठेसमोर खुळ्यात काढलंस मला. मी हितं छाती काढून गेमांना नावं ठेवतोय, आणि तू खडू घेऊन आतल्या आत हसतीयास.

फरहीन : हसत होते? मार्चमधी पट्टी सुटल्यावर आलास, आठवतंय? एका टप्प्याला सहा वेळा मेलास. रिमोट भिंतीवर आपटलास आणि गेलास, तो महिनाभर तोंड दाखवलं न्हाईस. तुझी आई, नीलम्माकाकू, ह्याच खुर्चीवर बसून रडून गेली. म्हणाली, जेवत न्हाय, भिंतीकडं तोंड करून पडतो, कुणी हाताचं नाव काढलं की ताट भिरकावतो. पार्लरात बोलवून तरी बघ, म्हणाली. मी बोलवलं. पुन्हा मेला असतास तर पुन्हा गेला असतास. मी काय करायचं होतं?

शिवप्रसाद : मरू द्यायचं होतं. गेममधी मेल्यानं माणूस मरत न्हाय.

फरहीन : आज बोलतोयस हे. एप्रिलमधी कोण बोलणार होतं तुझ्याशी?

शिवप्रसाद : दया केलीस माझ्यावर.

फरहीन : केली. आणि त्या दयेवर उभा राहून तू अकरा रविवार माझ्याच गेमांना शिव्या दिल्यास. मी त्या सुंदर अक्षरात लिहिल्या. गेम चांगले हायत, शिवा. मी एकेक रात्र जागून, पत्रं टाकून, मुंबईच्या माणसाच्या हातापाया पडून मागवल्यात. आणि सांगता येत न्हाय मला, की गेम वाईट न्हाय, तुला दिलेला वाईट हाय. आतनं जळतीया मी.

कृष्णात : आपा, मी निघतो. अण्णा, माझ्याकडनं कुठं काय बोललं जायचं न्हाय. आईची शप्पथ.

शिवप्रसाद : थांब. खरं सांग. फळा वाचून हात बिघडलाय असं वाटलेला तू एकटाच का अजून हायत?

कृष्णात : ते आता काय अण्णा, जाऊ द्या.

शिवप्रसाद : सांग म्हणलं ना.

कृष्णात : स्टँडवरचे दोघं हायत. यायचेच बंद झाले. म्हणले, तीन बोटं न्हाईत तो माणूस जेवायच्या आत संपवतो, आणि आपल्याला दहा बोटांनी जमत न्हाय. कशाला जाऊन लाज घालवायची?

फरहीन : हे मला बी माहीत नव्हतं.

कृष्णात : येतो मी. रिक्षात पावणं येऊन बसल्यात वाटतं.

फरहीन : गेला बिचारा. कुणी बसलेलं न्हाय रिक्षात. आता तू बी जा, शिवा. आपटायचं असंल तर रिमोट तिथं हाय. मागच्या वेळी भिंतीचा पोपडा निघालाय, तेवढी जागा सोडून आपट.

शिवप्रसाद : फळा पूस.

फरहीन : पुसते. एवढा एकच रविवार मागत होते मी तुझ्याकडं. लोकांना सांगू, शिवप्रसादला बरं नव्हतं.

शिवप्रसाद : एका रविवारचं न्हाय. आमच्या तपासणीत एक पद्धत हाय. ज्या गेजनं माप घेतो तो गेजच चुकीचा निघाला, तर आजचा माल तेवढा बाजूला काढून भागत न्हाय. गेज शेवटचा बरोबर होता त्या दिवसापासनं जेवढा माल तपासला, तेवढा सगळा परत मागवायचा. पास केलेला बी आणि रिजेक्ट केलेला बी. मी सप्लायरचे चार ट्रक असे परत मागवल्यात, साहेबाचं तोंड वाकडं झालं तरी.

फरहीन : म्हणजे काय लिहू?

शिवप्रसाद : 'एप्रिलपासनं आजपर्यंतचे सगळे अभिप्राय रद्द. सगळे गेम परत तपासले जातील.'

फरहीन : सगळी पेठ विचारंल, का म्हणून.

शिवप्रसाद : विचारू दे.

फरहीन : शिवा, नुसतं रद्द लिहिते. कारण घालत न्हाय. लोक दोन दिवस बोलतील आणि गप बसतील. तुझं नाव जाणार न्हाय.

शिवप्रसाद : कारण न लिहिता माल परत आला तर लोक मालालाच वाईट म्हणत्यात. कारण पायजे. आणि तुझ्यावर खूश होऊन मी हे करत न्हाय, तेवढं डोक्यात ठेव. तू खोटं बोललीस माझ्याशी, अकरा रविवार, तोंडावर. ते मी इसरणार न्हाय.

फरहीन : नको इसरू. मी बी इसरणार न्हाय तू काय काय लिहायला लावलंस ते. झालं 'तपासले जातील' पर्यंत. सांग कारण.

शिवप्रसाद : 'कारण, तपासणाऱ्याच्या हाताला तीन बोटं कमी होती, म्हणून त्याला गेम सोप्यावर लावून दिले. हे त्याला कुणी सांगितलं न्हाय.'

फरहीन : पयलं वाक्य लिहिलं. दुसरं न्हाय लिहिणार.

शिवप्रसाद : का?

फरहीन : खोटं हाय म्हणून. तुझी आई सांगायला गेली, ताट भिरकावलंस. मी मार्चमधी म्हणलं, शिवा, जरा सोप्यावर लावू का, तर रिमोट भिंतीवर गेला. सांगितलं न्हाय का सांगू दिलं न्हाईस?

(शिवप्रसाद फळ्यावरचं पहिलं वाक्य वाचतो. फळा वाचायला आलेलं कुणीतरी रस्त्यावरून पाच वाजल्याचं ओरडून सांगतं.)

शिवप्रसाद : 'हे त्यानं कुणाला सांगू दिलं न्हाय' असं लिही.