स्वतःले सोडून

हिंगणघाटच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर दोन पोरं बसली होती.

"साकेत, एमबीएले तुहाच नंबर काऊन लागला बे? ग्रुप डिस्कशनमंदी सगळ्यात जास्त तं मी बोललो."

"हो ना, दुर्गेश. दुसऱ्या कोणाले बोलूच देलं नाई तू."

"अन् तो कापसाच्या जिनिंगचा मुद्दा माहा होता. तयारी करतानी मीच सांगतला तुले."

"म्हणून तं तिथं म्हटलं मी, का हे दुर्गेशनं सांगतलं."

"मोठा आला साधू!"

"आखरीले सरांनी सगळ्यायले इचारलं ना, स्वतःले सोडून कोणाले घ्यावं म्हणून? मी तुह्यं नाव सांगतलं. तू कोणाचं सांगतलं?"

"त्या चष्मेवाल्या पोरीचं."

"ते तं एक शब्द बोलली नाई, बे."