काळ्या शेळीचा पाय

—न्हाई सायेब, तसं कसं सांगू? कुनीबी यावं, अमक्याला फोन कुठनं येतो म्हनून इचारावं अन् मी सांगावं, असं हितं हुत न्हाई. तुमी टेलिफोन खात्याचं हायेत म्हनून एवढं तरी बोलतेय. बसा. त्या स्टुलावर नगं, त्येचा एक पाय माझ्यावानीच हाय—ह्या खुर्चीत बसा. ती कुबडी सारा तिकडं. जीपमधी आनखी दोघं हायेत का तुमच्या संगं? उन्हात कशाला बसवलंत, समद्यांना चहा सांगते. नगं? बरं. तर काय म्हनत हुता—गुप्तता. गिऱ्हाइकाची गुप्तता राखता का, अन् कशी राखता. ह्यो सवाल मला लई आवडला बघा. आवं, पाच वर्सं झाली हा बूथ अपंगाच्या कोट्यातनं मिळून, पन आजवर एक मानूस खात्यातनं हे इचारायला आला न्हाई. पाटी सरळ लावली का, दर लिहिलाय का, एवढंच बघून जायचे. मिरजगावात कुनालाबी इचारा, लंकाबाईच्या बूथवर बोललेलं भाईर जात न्हाई. खात्याला आज कळलं, उशिरा का हुईना.

कसं राखते म्हंजी—सांगते की. भाईर जानाऱ्या फोनचं सोपं हाय, मानूस समोर उभा असतो, तोंड दिसतं. अवघड हाय आत येनाऱ्याचं. नुसता आवाज. त्यो म्हनला मी मामा बोलतोय, म्हनून काय मामा झाला? पयल्या वर्साला मी फसले. एक सासुरवाशीन हितं भनीकडं येऊन राह्यली हुती, तिला मामाचा फोन हाय म्हनून मी हाक मारून आनली, अन् पलीकडं निघाला तिचा नवरा. ती हितं हाय एवढंच त्येला पक्कं करायचं हुतं. दुसऱ्या दिशी आला अन् ह्या स्टँडवरनं केसाला धरून न्हेली तिला, माझ्या डोळ्यादेखत. मला धड पाय असता तर—जाऊ द्या. आठ दिस मला अन्न गोड लागलं न्हाई. तवा ठरवलं, आवाजावर इस्वास ठेवायचा न्हाई. ज्येला ज्येला माझ्याकडं फोन येतो त्येनं आपल्या मानसाशी एक खूण ठरवायची अन् ती माझ्या कानात सांगायची. फोन आला की आदी खूण. खूण न्हाई, तर त्या नावाचं हितं कुनी राहत न्हाई, ठेवा फोन.

लिवून? लिवून कुठंच न्हाई. समदं हितं, डोक्यात. एक उदाहरन सांगू म्हनता? नाव न्हाई घ्यायची मी, आदीच सांगते. एकाची अशी हाय—त्यो फोनवर इचारतो, काळ्या शेळीचा पाय बरा झाला का? मी म्हनायचं, झाला, पन अजून लंगडती. मग मी खिडकीतनं घंटी वाजवते दोनदा, की मागनं त्येची आई येती. अन् गंमत काय सायेब, त्यांच्या घरात शेळीच न्हाई. कधी नव्हतीच. लिवून घेताय? घ्या की. समद्या बूथवर लावा हे, म्हना मिरजगावच्या एका लंगड्या बाईनं काढलंय.

आता तुमी म्हनाल, एवढं कशापायी. त्या पोराला गरज हाय, म्हनून. बौद्धवस्तीतलं पोरगं, एकुलतं एक, जळालेल्या पान्याच्या मोटारीत नवी तार भरायचं काम शिकलेलं. तिकडं खर्ड्याच्या बाजूला एका मोठ्या घरी हिरीवरची मोटार भरायला गेलं, अन् त्या घरच्या पोरीचं अन् ह्येचं जमलं. नगरला जाऊन लगीन केलं, रजिस्टर. साक्षीदारांच्या सह्या हायेत, समदं कायद्यानं. पन पोरीच्या भावांनी चारचौघांत सांगितलंय, घावली की दोघांनाबी जित्तं ठेवनार न्हाई. अन् ती नुसतं बोलनारी मान्सं न्हाईत. थोरला दोनदा येऊन गेला हितं, ह्या दाराशी उभा राह्यला. पयल्यांदा गोड बोलला, दुसऱ्यांदा माझी कुबडी उचलून रस्त्यात फेकली. मी म्हनलं, कुनाचा फोन येत न्हाई, जा. सांगितलं न्हाई मी. आता दर गुरवारी फोन येतो, अकराच्या सुमाराला. आदी पोरगा खूण देतो, मग ती वृषाली घेती फोन—लंकामावशी, जेवलीस का म्हनती. सासूच्या आदी माझी चौकशी. सातवा सरलाय तिला. काल इचारत हुती, डिंकाच्या लाडवाला खारीक किती घालायची.

नाव घेतलं का मी? बघा, सुटलं तोंडातनं. तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. खात्याचं मानूस म्हंजी घरचंच की.

त्यांचा पत्ता मला म्हाईत न्हाई. मी इचारलंच न्हाई कधी. जे म्हाईत न्हाई ते कुनी काढून घेऊ शकत न्हाई—काय? भाईर जानारा फोन? व्हय, तसा एकदाच लावला हुता. गेल्या इतवारी. त्येच्या आदल्या गुरवारी फोन आला न्हाई, तर पोराच्या आईचा, राहीबाईचा जीव थाऱ्यावर राहीना. पदराच्या गाठीत चिठ्ठी असती तिच्या, पोरानं दिलेली. अक्षर वळखत न्हाई, पन आकडे वळखती. तिनंच एकेक बटन दाबलं, मी तोंड फिरवून बसले. ते राहत्यात तिथं खाली पिठाची गिरनी हाय म्हनं, तिथला फोन. पोरीला ताप आला हुता, बाकी काय न्हाई. बोलनं झालं, मशीनमधनं बिलाची चिठ्ठी आली, ती मी चुलीत घातली. राख केली तिची. झालं की न्हाई काम?

लावलेला नंबर मशीनमधी राहतो? आत? चिठ्ठी जाळली तरी? मला कुनी सांगितलं न्हाई हे. त्यो मशीन बसवनारा नुसता दर शिकवून गेला. किती दिवसांचं राहतं—महिन्याचं? अन् हे बटन दाबलं की कुनालाबी भाईर काढता येतं? अगं बया. बघू, दाबा. दाबा तुमी.

केवढी पट्टी आली. येतेच हाय. ह्ये समद्या गावाचं बोलनं का? ह्यो सोनाराचा, ह्यो डॉक्टरला लावलेला... आवं सायेब! मी पाच वर्सं चिठ्ठ्या जाळतेय अन् ह्यो डबा माझ्याच टेबलावर बसून समदं ध्येनात ठेवतोय. पुसता येतं का? तुमाला येतं? मग पुसा, आत्ताच्या आत्ता पुसा. बाकीचं राह्यलं तरी चालंल, पन त्यो इतवारचा एक आदी पुसा. दुपारचा, तीनच्या पुढचा. भिंतीवरच्या कोडच्या यादीत बघा, संगमनेरचा कोड आसंल पुढं, गावाचं नाव तेवढं राहीबाईच्या तोंडनं कानावर आलंय. मी बघत न्हाई, तुमीच बघा. घावला? त्योच. पुसला? समदं पुसलं? परत दाबून दावा. कोरी आली. देवासारखं आलात बघा. आज तुमी आला नसता अन् त्यो थोरला येऊन हे बटन दाबून गेला असता तर?

पट्टी द्या, जाळते. हापिसात जमा करायची? पुरावा म्हनून? बरं... नियम आसंल तसा. पन पाकिटात घालून न्या हां, उघडी नगं. अन् माझ्या वहीत एक सही करून जा, तपासनी झाली म्हनून. घाई हाय? आवं सहीला कितीसा येळ. आता हितनं कर्जतच्या बूथवर जानार म्हनला हुता न्हवं—मग कर्जतच्या हापिसातनं आमच्याकडं लाइनमन येतो, दर महिन्याला, त्येला सांगा लंकाबाईनं चहाला बोलावलंय. कोन म्हंजी? तुमच्याच हापिसातला. नाव काय त्येचं? तुमी सांगा की. मी चेष्टा करतेय सायेब. समद्यांना खूण इचारते, अन् तुमाला इचारायची राह्यली बघा, समोर बसलात म्हनून. चला, सांगा. तुमची खूण काय?

काय म्हनला?

परत म्हना.

...शेळीचा पाय. हसू नगा. हसू नगा असं. ती पट्टी हितं ठेवा. दादा, तुमच्या पाया पडते, सात म्हैने झाल्यात पोरीला, ती पट्टी तेवढी—माझी कुबडी. माझी कुबडी कुठं ठेवली तुमी?

...नगरच्या रस्त्याला वळली. कर्जत हिकडं, अन् जीप नगरच्या रस्त्याला वळली. तिथनं संगमनेर. चार तास लागतील, लई तर पाच.

घंटी वाजवू? वाजवून काय, राहीबाई पाव्हन्याकडं गेलीया करमाळ्याला, चिठ्ठी तिच्या पदरात, उंद्या सांजच्या एस्टीनं येनार. नंबरच्या चौकशीला लावू, न्हाईतर पोलिसाला लावू, तर गिरनीचं नाव इचारतील. संगमनेरात गिरन्या किती आसतील. आज शुक्कुरवार. त्यांचा फोन यायला आता गुरवार उजाडंल. मशीनमधी बघावं, तर ते मीच पुसायला लावलं.

फोन चालू हाय. टोन येतोय. पन लावू कुठं? त्यो नंबर मी मुद्दाम कधी बघितलाच न्हाई.